चार बॉक्स, आठ बायका आणि मधली मेलेली जागा

स्पीकर काउंटरवर आदळत त्या गृहस्थांनी विचारलं, "दुरुस्ती कोण करतं इथं?"

"माझी बायको," काउंटरमागे बसलेला रेडिओ म्हणाला.

"मग बोलवा त्यांना. कसा फाटतोय ते ऐकवतो."

"ऐकवून उपयोग नाही. ती बहिरी आहे."

गृहस्थांनी स्पीकर परत उचलला आणि बगलेत मारला. आपली थट्टा चाललीय अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. तेवढ्यात आतल्या पडद्यातून एक हात आला, त्याने स्पीकर अलगद काढून घेतला आणि तो पडद्याआड गेला. गृहस्थ बगल उघडी ठेवून तसेच उभे. पाच मिनिटांनी तोच हात पाटी घेऊन बाहेर आला. पाटीवर खडूने लिहिलं होतं : "खालच्या बाजूला कागद उसवलाय. उद्या न्या. घरात कुणी नसताना फार मोठ्याने लावता."

"हे... हे कसं कळलं यांना?" गृहस्थ लाल झाले.

"मोठ्या आवाजाने स्पीकरची कॉइल भाजलीय तुमची," रेडिओ म्हणाला. "आणि बायको घरात असताना कुणाची टाप आहे कॉइल भाजायची!"

तर अशी ही मीटरताई. पन्नाशी उलटलेली, बुटकी, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि गळ्यात दोरीला बांधलेला पिवळा मीटर. दाराची घंटा वाजवायची सोय नाही म्हणून घरी पाहुणे आले की दिवा लागतो-विझतो, आणि ती जोडणी तिनेच केलेली. नवऱ्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणते, कारण तो सकाळी दात घासताना सुरू होतो तो झोपेतही पूर्ण बंद होत नाही. गल्लीतल्या बायका उसासे टाकतात, "हिचं बरंय बाई, नवरा बोलतो पण ऐकावं लागत नाही." त्यांना एक माहीत नाही. रेडिओ हातांनीही तेवढाच बोलतो. फक्त त्याला बंद करायचं बटण मीटरताईकडे आहे : भांडण अंगावर येतंय असं दिसलं की ती डोळे मिटून घेते. समोर रेडिओ हवेत हात नाचवतोय, मुद्द्यावर मुद्दे काढतोय, आणि ही शांत, डोळे मिटून, भिंतीला टेकून. तीस वर्षांत तो एकही भांडण जिंकलेला नाही.

मीटरताईला पाचव्या वर्षी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. वडिलांचा छापखाना होता, चार यंत्रांचा. आई स्वयंपाकात, म्हणून पोरीला यंत्रांपाशी बसवलेलं. तिथं लादीवर अनवाणी बसून ती दिवसभर पायांनी छापखाना ऐकायची. सात वर्षांची असताना तिने एकदा वडिलांचा सदरा ओढला आणि तिसऱ्या यंत्राकडे बोट दाखवून पायाने लंगडून दाखवलं. वडील हसले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या यंत्राचा पट्टा तुटला. त्यानंतर वडील रोज सकाळी तिला चारही यंत्रांवरून फिरवून आणायचे, डॉक्टर वॉर्डात फिरतात तसं, आणि ती कुणापुढे मान हलवायची, कुणापुढे नाक मुरडायची.

पुढे तंत्रशाळेत मास्तर म्हणाले, "आवाजाचं काम आहे हे, तुला कसं जमणार?" तिने पाटीवर लिहिलं, "तुम्हाला वीज दिसते का?" मास्तरांनी प्रवेश दिला. बहुधा पाटी पुन्हा पुढे येऊ नये म्हणून.

*

आता मुख्य गोष्ट.

मीटरताईच्या कर्णबधिर मंडळात आठ बायका नाचतात. एक शिंपीण, एक बेकरीतली, दोघी इस्पितळातल्या धुलाईखात्यातल्या, एक हिशेबनीस, दोन जुळ्या बहिणी, आणि आठवी मीटरताई स्वतः. गेल्या वर्षी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी नाच केला. नाचाच्या मध्यावर एक जागा होती, त्यांची सगळ्यांत लाडकी : वाद्यं एकदम थांबतात, आठही जणी मूर्तीसारख्या गोठतात, आठ ठोके जातात, आणि नवव्यावर सगळ्या एकदम उसळतात.

गेल्या वर्षी सहाव्या ठोक्यावर बेकरीवाली उसळली. तिला बघून जुळ्यांतली एक. दुसरी जुळी अकराव्याला. धुलाईवाल्या दोघी एकमेकींवर आपटल्या. शांततेत मोजायचं म्हणजे जिचा तिचा ठोका वेगळा, आणि पायाखाली काही नाही!

आणि मंडळाचे चिटणीस, ते ऐकू येणारे, कडक इस्त्रीचे गृहस्थ, माईक घेऊन पुढे आले. ते काय म्हणाले ते मीटरताईने ओठांवरून वाचलं. "जोरदार टाळ्या होऊ द्या! चुकल्या तरी काय झालं, बिचाऱ्यांचा प्रयत्न बघा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत एका बाईने तर डोळे पुसले.

घरी आल्यावर मीटरताई दोन दिवस काही बोलली नाही, म्हणजे तिचे हात मांडीवर पडून होते. तिसऱ्या दिवशी ते उठले.

"पुढच्या वर्षी तीच जागा. तेच आठ ठोके. पुन्हा बिचारी झाले, तर मी स्टेजवर पाय ठेवणार नाही. कधीच."

"अगं, लोक प्रेमाने..."

तिने डोळे मिटले.

तिची युक्ती सोपी होती आणि जरा पाजीही. सभागृहाचं स्टेज लाकडी आणि आतून पोकळ. त्याखाली सबवूफर ठेवायचे, म्हणजे नुसत्या खर्जाचे बॉक्स, जे ऐकू कमी येतात आणि हलवतात जास्त. वाद्यं थांबली तरी खाली ठोका चालू ठेवायचा, अगदी खालच्या पट्टीत, हळू, इतका की कानाला पत्ता नाही पण तळपायाला स्पष्ट. ऐकणाऱ्यांसाठी शांतता, नाचणारींसाठी ताल.

"म्हणजे लोकांना वाटणार तुम्ही मनात मोजताय?" रेडिओने विचारलं.

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे," ती म्हणाली आणि तिच्या डाव्या गालाला खळी पडली. ती खळी पडली की रेडिओ जरा लांब सरकून बसतो.

*

बॉक्स आणले धाकट्याने. धाकटा म्हणजे मीटरताईचा भाऊ, पार्सलची व्हॅन चालवणारा. व्हॅनमध्ये त्याने हौसेने चार सबवूफर बसवले होते. त्याची बायको म्हणाली, "मागच्या सीटवर बसलं की माझे दात किटकिटतात. एक तर ते राहतील नाही तर मी." धाकट्याने एक रात्र विचार केला, हे तिला कळलं, आणि बॉक्स दुसऱ्याच सकाळी ताईच्या दुकानात आले.

लहानपणापासून तो तिच्याशी हातांनी बोलतो, पण तोंडात कायम काहीतरी असतं, आणि हातातही. त्यामुळे त्याच्या खुणा पाव चावल्यासारख्या अर्ध्या तुटलेल्या.

"ताई, हे घे, प्रत्येकी हजार वॅट! लिहिलंय बघ, सोनेरी अक्षरात."

मीटरताईने बॉक्स उलटा केला आणि मागचं बारीक अक्षर दाखवलं : दोनशे.

"मग हजार खोटं?"

"खोटं नाही. तू एकदा पैजेवर कपाट उचललं होतंस, आठवतं?"

"हो मग! एकट्याने!"

"आणि नंतर चार दिवस झोपून होतास. हजार म्हणजे ते कपाट. दोनशे म्हणजे तू रोज उचलतोस ती पार्सलं. बॉक्सना रेटणारा आपला अॅम्प सहाशे देतो. चौघांत वाटले की दीडशे दीडशे. पोट भरेल, फुटणार नाही."

धाकट्याला वाटण्या आवडत नाहीत. त्याने चारही बॉक्सच्या वायरी एका मुठीत धरल्या. "सगळे लाल एकत्र, सगळे काळे एकत्र, अॅम्पला लाव आणि दे दणका. व्हॅनमध्ये असेच होते."

"आणि व्हॅनमधले अॅम्प किती जळले?"

"तीन," धाकटा म्हणाला. "पण ती कंपनीच बेकार होती."

मीटरताईने मीटरची टोकं त्या मुठीला लावली आणि पडदा भावाच्या नाकाखाली धरला. हे तिचं व्रत. आकडा ती स्वतः कधी वाचत नाही, समोरच्याला वाचायला लावते. स्वतःला हवं तेच स्वतःला दिसतं, असं तिचं म्हणणं.

धाकट्याने बोटांनी दाखवलं : शून्य, टिंब, आठ.

तिने अॅम्पच्या पाठीवरची पट्टी दाखवली. चार ओहमच्या खाली लावू नये.

"ताई, तुमचं ते ओहम-बिओहम आपल्याला कळत नाही बघ."

"अॅम्प म्हणजे दारावरचा गुरखा," ती म्हणाली. "एक दार असेल तर माणसं बेताने आत जातात. तू चार दारं शेजारी शेजारी उघडलीस. सगळी गर्दी एकदम घुसली. गुरख्याचं काय झालं?"

"चपटा."

"तीनदा. म्हणे कंपनी बेकार!"

मग तिने दुकानातली चार स्टुलं मांडली. दोन एकामागे एक, त्यांच्या शेजारी आणखी दोन एकामागे एक. एकामागे एक दोन दारं लावली की गर्दीला दोनदा अडावं लागतं, म्हणून एकेका बॉक्सचे चार ओहम, चार नि चार आठ. अशा दोन रांगा शेजारी ठेवल्या की गर्दीला दोन वाटा, आठाचे पुन्हा चार. चार बॉक्स, आणि गुरख्याला वाटतं एकच दार आहे. तिने तशा वायरी जोडल्या आणि मीटर पुन्हा भावाच्या नाकाखाली. तीन, टिंब, तीन.

"चार कुठंय? तीन पॉइंट तीन आहे!" धाकट्याला आनंद झाला.

"बॉक्स गप्प असताना मीटरला थोडं कमीच दिसतं. कामाला लागला की भरतो. तुझ्यासारखाच."

मग तिने त्याने आणलेली एक्स्टेन्शनची पेटी उघडली, आणि तिचे हात थांबले. फ्यूजच्या जागी चंदेरी कागद गुंडाळलेला होता. तिने तो चिमटीत धरून वास घेतला.

धाकट्याने छताकडे पाहिलं. "सारखा उडत होता गं फ्यूज."

मीटरताईने पाटी घेतली. असल्या वेळी ती हात वापरत नाही. लिहिलेलं पुसेपर्यंत समोर राहतं. "चॉकलेट तू खाल्लंस. आग कुणी खायची?"

खरा फ्यूज बसला, जाड वायर आली. पण जाड वायर धाकट्याच्या ओळखीतून आली आणि तिथंच माशी शिंकली. तिच्या दोन्ही शिरा काळ्या. एका शिरेवर फक्त नखाला लागेल एवढी बारीक धार. धारेची शीर लालला, सपाट शीर काळ्याला, हे लक्षात ठेवलं की झालं.

*

शनिवारी दुपारी नवरा-बायको स्टेजच्या पोटात शिरले. उंची अडीच फूट. चार कोपऱ्यांत चार बॉक्स, तोंडं फळ्यांकडे. डावीकडचे दोन मीटरताईचे, उजवीकडचे दोन रेडिओचे. ती पालथी, तो उताणा, डोकी आमनेसामने, मध्ये टॉर्च. टॉर्चने दहा मिनिटांत मान टाकली, तेव्हा रेडिओने तिच्या डब्यातले दोन पेन्सिल सेल काढून टॉर्चमध्ये घातले. हे सेल साधे नव्हते. जोडणी झाली की त्यातला एक घेऊन ती बॉक्सला टेकवायची. बॉक्सचा कागदी पडदा बाहेर उडाला तर वायर सुलटी, आत गेला तर उलटी. चाचणी दोन मिनिटांची, पण तिच्याशिवाय तिने आजवर एकही बॉक्स दुकानाबाहेर सोडलेला नव्हता.

"माझ्या अंगठ्याला धार लागतच नाही," रेडिओ हातांनी म्हणाला. तापलेल्या कथलाचे डाख लावून लावून त्याच्या अंगठ्याची कातडी चपलेसारखी झालेली. "कुठली शीर लालला?"

तिने त्याच्याकडे जाणारी वायर नखाने चाचपली आणि खूण केली : डावी.

रेडिओने मान हलवली, स्क्रू आवळले.

मग वर येऊन तिने आधी एक जोडी लावून बघितली, फळीवर तळहात ठेवून. झकास. ती काढून दुसरी लावली. झकास. आता चारही लावायचे, सेलची चाचणी करायची, तेवढ्यात चिटणीस आले. त्यांच्या ओठांवर नेहमीप्रमाणे आधी हसू आलं, मग शब्द.

"झालं का? चार वाजता इथे टंकलेखनाची परीक्षा आहे."

रेडिओ म्हणाला, "दहाच मिनिटं, साहेब."

"परीक्षेला शांतता लागते हो. आणि यांना कशाला एवढं? गेल्या वर्षी काय वाईट झालं? लोकांना किती आवडलं! मी स्वतः सांभाळून घेतलं ना."

मीटरताईने हे सगळं वाचलं. तिने सामान आवरलं. सेल टॉर्चमध्ये राहिले, टॉर्च पिशवीत, आणि चाचणी राहूनच गेली.

*

रविवारी कार्यक्रम अकराला. दहाला तालीम.

चारही बॉक्स लावले. मीटर धाकट्याच्या नाकाखाली : तीन, टिंब, तीन. सगळे लांब उभे राहिले, मगच प्लग आत. आवाजाच्या नॉबवर तिने लाल टेपची खूण केली होती. "याच्यापुढे अॅम्पला धाप लागते, आणि धाप लागलेला अॅम्प बॉक्स जाळतो. खुणेपुढे नेलास तर बोट तोडेन," असं धाकट्याला सांगून ती अनवाणी स्टेजवर चढली.

संगीत सुरू झालं. धाकट्याने दोन्ही अंगठे वर केले. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. रेडिओने छाती धरून मेल्याचा अभिनय केला. "काय खर्ज आहे! पोटात कालवतंय!"

आणि स्टेजच्या मधोमध आठ बायका एकमेकींकडे बघत उभ्या होत्या.

"लागला का?" शिंपिणीने विचारलं. शिंपीण आठांत सगळ्यांत तिखट. तिचे हात कात्रीसारखे चालतात.

"काठाला लागतोय," बेकरीवाली म्हणाली. "मध्ये काहीच नाही."

मीटरताई गुडघ्यावर बसली. तळहात टेकवला. डाव्या काठाला धडधड. उजव्या काठाला धडधड. मध्यावर, जिथं आठ जणींनी गोठून उभं राहायचं होतं, तिथं फळी मेलेली. जणू कुणी दोन्हीकडून धावत यावं आणि मध्ये आल्यावर एकमेकांना बघून पळून जावं.

"काय झालं? मस्त वाजतंय की!" धाकटा खालून म्हणाला.

"तुला वाजतंय," ती म्हणाली. "तू नाचणार आहेस?"

दहा वाजून वीस मिनिटं. शिंपीण म्हणाली, "मध्ये उभं नको राहायला. चार डावीकडे, चार उजवीकडे."

"आणि एकमेकींना बघायचं कसं? मध्ये पंधरा फूट खिंड?" एक जुळी.

"मग ती जागाच गाळू," दुसरी जुळी. "गोठायचंच नाही."

सगळ्या मीटरताईकडे बघायला लागल्या. जागा गाळली की चूक होणार नाही, टाळ्याही पडतील. पण ही जागा सोडायची, तर वर्षभर कशासाठी राबलो? तिने फक्त मान हलवली. नाही. आणि प्लग काढायला लावला.

"मीटर तर बरोबर दाखवतोय ना?" रेडिओ घामाघूम.

"मीटर किती ते सांगतो. कुणीकडे, ते नाही सांगत. सेल काढ."

आता झाली पंचाईत. सेल टॉर्चमधले. सेल काढले की टॉर्च गेला. टॉर्च गेला की स्टेजखाली पडदा आत गेला की बाहेर आला ते बघणार कसं?

"मोबाइलचा उजेड..." धाकटा खिसे चाचपू लागला.

मीटरताईने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. अंधारात बघायला तिला उजेड कशाला? तिने अॅम्पपासून चारही शिरा सोडवल्या आणि रेडिओच्या हातात सेल दिला. "सेलचं टोपणवालं तोंड धारेच्या शिरेला. नखाने चाचप, अंगठ्याने नको. आधी माझी जोडी, तीनदा. मग तुझी, तीनदा." आणि अडीच फुटांच्या काळोखात शिरली.

तिने आपल्या बॉक्सच्या पडद्यावर बोटं टेकवली. वाट पाहिली. टुक. पडद्याने बोटं बाहेर ढकलली. टुक. बाहेर. टुक. बाहेर.

रांगत ती उजवीकडे गेली. बोटं टेकवली. टुक. पडदा बोटांखालून निसटून आत गेला.

आत. आत.

ती बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं होती आणि नजर रेडिओवर.

"माझे बाहेर, तुझे आत. माझे फळीला ढकलतात तेव्हा तुझे ओढतात. मध्यावर दोघं मिळून शून्य."

"मी तू सांगितलीस तीच शीर लावली! डावी!"

"कुणाची डावी?"

"तू समोर होतीस, मी उताणा होतो. म्हटलं, हिची डावी म्हणजे माझी... आणि मी उलटा, म्हणजे उलट्याची उलटी... मग मी विचार केला..."

"तीस वर्षांत मी कधी तुझी डावी सांगितलीय? माझा हात, माझी डावी!"

"तीच तर चूक झाली!" रेडिओचे हात कळवळले. "तीस वर्षं मी डोकं न लावता तुझं सगळं बरोबर समजलो. काल पहिल्यांदा डोकं लावलं!"

आठ बायका हसल्या. शिंपीण तर स्टेजच्या काठावर बसली, पोट धरून. मीटरताईही हसली, पण तिचे हात म्हणाले, "चूक माझीही आहे. चाचणी मी सोडली. त्यांच्या 'बिचाऱ्यां'मुळे डोकं फिरलं आणि सोडली."

हे ती क्वचित कबूल करते. रेडिओने तारीख लिहून ठेवायला पेन्सिल मागितली. तिने दिली नाही.

पुन्हा रांगायचीही गरज नव्हती. अॅम्पपाशीच रेडिओच्या जोडीच्या दोन शिरांची अदलाबदल केली, धारेची शीर काळ्याला. स्क्रू आवळले, एकही तार बाहेर डोकावत नाही ना हे नखाने पाहिलं. मग पुन्हा सेल, पुन्हा तीनदा, या वेळी स्टेजखाली शिंपीण शिरली. परत येऊन तिने दोन्ही मुठी एकदम बाहेर उघडल्या. चौघं एकाच दिशेला.

मीटर. धाकट्याने बोटं दाखवली : तीन, टिंब, तीन. "आकडा तोच! मग बदललं काय?"

"वर ये," मीटरताई म्हणाली. "चपला काढून."

प्लग आत गेला. धाकटा मधोमध उभा राहिला आणि त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. तो खाली, आपल्या पावलांकडे बघू लागला. खालून कुणीतरी, मोठ्या मायेने, दार ठोठावत होतं.

*

अकराला सभागृह भरलं. चिटणीस माईकवर होते. मीटरताईने मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

नाच सुरू झाला. आठ जणी, सोळा पावलं, फळीशी चिकटलेली. पहिल्या रांगेतली गेल्या वर्षीची डोळे पुसणारी बाई रुमाल तयार ठेवून बसली होती. पहिल्या दोन मिनिटांत तिने तो वापरला नाही. तिसऱ्या मिनिटाला तो तिच्या मांडीवरून खाली पडला आणि तिने उचलला नाही.

मग ती जागा आली. वाद्यं थांबली. आठ जणी गोठल्या. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, असं रेडिओने नंतर सगळ्यांना शंभरदा सांगितलं.

फळीखाली : एक.

लोकांना वाटलं, संपलं. एकाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. कुणी उभंही राहिलं.

दोन. तीन. आठ जणींची पापणी हलली नाही.

चिटणिसांनाही वाटलं, संपलं. ते माईक घेऊन स्टेजवर चढले, हसत हसत, गोठलेल्या आठ बायकांच्या बरोब्बर मध्ये येऊन उभे राहिले.

चार. पाच.

त्यांनी माईक तोंडाशी नेला. सहा. त्यांचे ओठ उघडले, आणि तसेच राहिले. त्यांनी खाली पाहिलं. बुटांच्या तळव्यातून काहीतरी वर येत होतं. त्यांनी एक पाऊल उचललं, मग दुसरं. सात. त्यांनी मीटरताईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, मूर्तीसारखी. फक्त डाव्या गालाला खळी.

"काय... बाई, खाली काय..." त्यांचे ओठ म्हणाले.

मीटरताईने डोळे मिटले.

आठ.

आणि नवव्यावर वाद्यं कोसळली, आठही जणी एकदम उसळल्या, आणि चिटणीसही उसळले, सगळ्यांत उंच, माईकसकट. खालच्या टाळ्या मध्येच थांबल्या. चुकीच्या जागी वाजवल्या हे ज्याला त्याला कळलं, आणि अख्खं सभागृह हात मांडीखाली दडवून, मान पुढे काढून बघत राहिलं. कडेला धाकटा नॉबवर बोट ठेवून उभा होता, लाल खुणेच्या अलीकडे, घामाने डबडबलेला, आणि पायाने ताल धरून.

चिटणिसांना बाहेर पडायला वाट सापडेना. डावीकडे जावं तर जुळ्या, उजवीकडे जावं तर शिंपीण. शेवटी ते जिथं होते तिथंच राहिले, माईक छातीशी धरून, आणि आपोआप, अगदी थोडे, गुडघ्यांत वाकू लागले. मीटरताईला ते दिसलं नाही. तिचे डोळे अजून मिटलेले होते. पण मधल्या फळीवर एक नववी जोडी, बुटांची, जरा उशिरा पण बरोबर तालावर पडू लागली आहे, हे तिच्या तळपायांना केव्हाच कळलं होतं.